खालच्या बाई

उलथन्याचं टोक झाकणाच्या फटीत घालून ताईने सगळा भार टाकला, तर झाकण तसंच राहिलं आणि उलथनंच वाकलं. तिने ते बाजूला टाकलं, बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि दोन्ही हातांनी लोखंडी कडी धरून ओढली. या खेपेला झाकण सुटलं, पण ते इतकं अचानक, की ती फाटकाशेजारच्या मातीत मागच्या मागे बसलीच. खड्ड्यात घरात येणाऱ्या पाण्याचा मुख्य कॉक होता. गंजून गंजून त्याचा रंग आजूबाजूच्या मातीसारखा झाला होता. ताईने तो एकीकडे पिळून पाहिला, दुसरीकडे पिळून पाहिला. तो हलायचं नाव घेईना.

मागे घरातून पाणी पडल्याचा आवाज येत होता. थेंबांचा नव्हे, धारेचा.

ती गावाहून येऊन फार वेळ झाला नव्हता. पिशवीतले कपडे काढून पलंगावर ठेवत होती, तेवढ्यात मधल्या खोलीत काहीतरी सांडल्यासारखं वाटलं. जाऊन पाहते तो छताला मोठा ओला डाग, आणि दिव्याच्या तारेवरून पाणी सुतासारखं खाली येतंय. तिने आधी धावत जाऊन विजेचं मुख्य बटण पाडलं. मग गादी गुंडाळून आतल्या खोलीत नेली, टीव्हीवर ताडपत्री टाकली, खाली घंगाळ ठेवलं. ते भरायच्या आत तिला कळून चुकलं, की हे घंगाळाने आटपणारं काम नाही.

"लाइट बंद केलात का?" समोरच्या कुंपणावरून आवाज आला.

समोर ड्रायव्हरकाका राहत. सारा जन्म बस चालवण्यात गेल्यामुळे कुंपणाला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला सूचना देणं त्यांना अजून सुटलं नव्हतं.

"केला हो काका. हा कॉक फिरत नाहीये."

"हाताने नाही फिरायचा तो. पाना लागेल मोठा. थांबा, बघतो कुठे ठेवलाय." आणि ते आत गेले. काकांचं 'बघतो कुठे ठेवलाय' म्हणजे किती वेळ, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईने मातीचे हात कपड्यांना पुसले आणि भावाला फोन लावला.

वरचा मजला त्याचा होता. आई गेल्यावर दोघांनी घर वाटून घेतलं होतं. त्याला वारा हवा होता, म्हणून वरचं त्याचं. हिला जिना नको होता, म्हणून खालचं हिचं. भांडण तर सोडाच, दोघांनी आवाजही चढवला नव्हता. तो तिच्यापेक्षा बराच धाकटा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो शाळेत होता. दिवसा त्याच्याकडे बघता यावं म्हणून ताईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षं रात्रपाळ्या मागून घेतल्या. आता त्याचं टक्कल पडलं होतं, ऑफिसात त्याला सगळे साहेब म्हणत, पण ताईच्या तोंडी तो अजून गुंड्याच होता. या आठवड्यात तो आणि भावजय सासुरवाडीला गेले होते. निदान त्याने तसं सांगितलं होतं.

"गुंड्या, अरे तुझ्या स्वयंपाकघरातला पाइप फुटलाय वाटतं. माझ्या छतातून धो धो पाणी येतंय."



"तू आलीस? तू तर रविवारी येणार होतीस ना?"

"करमेना मला तिकडे. ते राहू दे, आधी पाण्याचं सांग. बाहेरचा कॉक अडकलाय. वरच्या मजल्याचा वेगळा कॉक आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण तू वर जाऊ नकोस."

"का रे?"

"अगं, सगळीकडे पाणी झालं असेल. पाय घसरला म्हणजे? आणि किल्लीपण नाहीये तुझ्याकडे, मी या वेळी घाईत विसरलो द्यायला. मी प्लंबर पाठवतो. तू फक्त खालचं सामान हलव. वर जाऊ नकोस, कळलं ना?"

एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून ताईने आयुष्यभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. बोलणारा माणूस कुठे थांबतो, कुठे घाई करतो, खोटं बोलायच्या आधी श्वास कसा धरून ठेवतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते कानात मुरलं होतं. गुंड्याने दोनदा श्वास धरला होता. एकदा 'घाईत विसरलो' म्हणण्याआधी, आणि एकदा, का कोण जाणे, 'पाय घसरला म्हणजे' म्हणताना.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वरची एक किल्ली तिच्या जुडग्यात होती. आईच्या वेळची. ती आहे हे गुंड्या विसरला असावा. तीही विसरलीच होती. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरून पाणी झिरपत येत होतं. कठडा धरून, पाय आडवे टाकत ती वर पोचली. काय असेल आत? भांडून भावजय माहेरी गेली असेल. कुणी आजारी असेल आणि ताईपासून लपवलं असेल. तिने किल्ली फिरवली.

दार उघडलं आणि तिला आधी वाटलं, चोरी झाली.

बाहेरच्या खोलीत काही म्हणता काही नव्हतं. कोच नाही, कपाट नाही, टेबल नाही. छताला पंखा नाही, नुसता आकडा. भिंतींवर जिथे तसबिरी होत्या तिथे फिकट चौकोन. ती पाण्यातून चालत पुढे गेली. झोपायची खोली रिकामी. न्हाणीघरातला आरसा स्क्रू काढून नेलेला, आणि चारही स्क्रू हरवू नयेत म्हणून खिडकीत एका ओळीत ठेवून मग तिथेच विसरलेले.

चोर स्क्रू जपून ठेवत नाहीत.

दाराआड केर भरलेली पिशवी होती, तोंडाशी गाठ मारलेली. भावजयीची गाठ. जाताना तिने घर झाडून घेतलं होतं. म्हणजे घाई नव्हती. निवांत, एकेक वस्तू कागदात गुंडाळून, खोकी बांधून, मागे केर काढून ती दोघं गेली होती. आणि ताई तेव्हा गावी मैत्रिणीच्या घरी अंगणात बसून तिला सांगत होती, की माझा भाऊ बघ, स्वतः तिकीट काढून हातात ठेवलं, म्हणाला जरा हवापालट कर, सारखी घरात बसून असतेस.

फोन वाजला.

"ताई, प्लंबर निघालाय. तू खालीच आहेस ना?"

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओट्याच्या वर जिथे पाण्याचा फिल्टर होता, तो ओढून काढताना पाइपला तडा गेला असणार. आता तो उभा चिरला होता आणि पाण्याचा फवारा समोरच्या भिंतीवर आपटत होता.

"खालीच आहे," ताई म्हणाली. "गुंड्या, तो वरचा कॉक नेमका कुठे आहे रे? प्लंबरला सांगायला बरं."

"ओट्याखाली, डाव्या हाताला. पण त्याच्यापुढे ते मोठं कपाट आहे. ते हलवल्याशिवाय हात जात नाही. जड आहे फार, तुला जमायचं नाही."

"हो, ते जडच आहे," ताई म्हणाली.

कपाटाच्या जागी फरशीवर चार तांबूस खुणा होत्या. ती गुडघे टेकून पाण्यात बसली, डावा हात ओट्याखाली घातला. कॉक लगेच हाताला लागला.

"ताई? तुझा आवाज असा घुमतोय का?"

"जिन्यात उभी आहे."

तिने कॉक आवळला. आधी जरा अडला, मग सावकाश फिरत गेला. फवारा बुटका झाला, ओघळ झाला, आणि थांबला. एकाएकी इतकी शांतता झाली की फोनमधून गुंड्याचा श्वास ऐकू येऊ लागला. पाण्याचा आवाज थांबल्याचं त्यालाही ऐकू गेलं असणार.

"ताई," तो म्हणाला.

"ठेवते," ती म्हणाली.

ड्रायव्हरकाका पाना घेऊन आले तेव्हा ती तशीच ओट्याला टेकून बसली होती. त्यांनी दारातून रिकाम्या घरावर नजर फिरवली. त्यांना नवल वाटलं नाही, हे ताईच्या ध्यानात आलं.

"बंद झालं? वा! आता खालचे सगळे नळ सोडून ठेवा, पाइपात राहिलेलं निघून जाऊ दे. आणि छत सुकल्याशिवाय लाइट लावू नका, आधी कुणालातरी दाखवा." मग ते घुटमळले. "ट्रक आला होता तेव्हा मी विचारलं साहेबांना. म्हटलं, ताई कुठे? तर म्हणाले, ताईंना सगळं ठाऊक आहे, त्यांना हे बघवणार नाही म्हणून त्या गावाला गेल्यात." काकांनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

ताईने श्वास धरला.

"होतं की," ती म्हणाली. "फक्त एवढ्या लवकर जातील असं वाटलं नव्हतं."

काका गेल्यावर तिने खाली जाऊन नळ सोडले, केरसुणी आणि फडकी घेतली आणि पुन्हा वर आली. दुसऱ्याच्या घरातलं पाणी आपण का काढावं, असं मनात आलं. पण ते न काढलं तर रात्रभर तिच्याच छतातून गळणार होतं. ती पाणी जिन्याकडे लोटत राहिली.

गुंड्या आला तो दुपार कलताना. जिन्यात बूट काढून ठेवल्याचा आवाज झाला. मग तो पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडून दारात उभा राहिला. ताईने वर पाहिलं नाही. त्याने खिडकीतलं एक फडकं घेतलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पुसायला लागला. लहानपणी खोडी केली की तो असाच न सांगता कामाला लागायचा.

"ताई, मी सांगणार होतो."

"ती बादली इकडे सरकव."

त्याने बादली सरकवली.

"हिला इथून कामावर जायचं म्हणजे किती हाल होतात, तू बघतेसच. तिकडे सगळं जवळ आहे. लिफ्ट आहे. माझे गुडघेही आता..."

"मग जायचं होतंस. मी काय दार अडवून बसले असते?"

"नसतं अडवलंस." तो उकिडवा बसला. "तू काहीच बोलली नसतीस. पोळ्या लाटत राहिली असतीस. तेच मला बघायचं नव्हतं."

"म्हणून मला गावाला धाडलंस."

त्याने फडकं पिळलं. पाणी पडून गेलं तरी पिळतच राहिला.

"पण तिकडे बरं वाटलं ना तुला?" त्याने विचारलं. "मैत्रीण भेटली, गप्पा झाल्या..."

ताईला हसू येतंय की काय असं वाटलं. तिने केरसुणी भिंतीला टेकवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. याला ताप आला की हा असाच विचारायचा, ताई, तू जेवलीस ना? तेव्हा तिला भरून यायचं. तोच आवाज होता. तोच सूर.

"घर घेतलं कुणी?" तिने विचारलं.

तो उत्तर देणार तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

वर आली ती एक तरुण बाई. हातात हेल्मेट, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर धावपळ. दारातच थबकून तिने ओल्या भिंतीकडे पाहिलं.

"अगं बाई! साहेब, तुम्ही फोनवर म्हणालात थोडं पाणी झालंय. हे थोडं आहे?"

"प्लंबर येतोच आहे," गुंड्या उठून म्हणाला. "पाइप बदलून देतो मी. सगळं माझ्याकडे लागलं, तुम्ही काळजी करू नका."

"काळजी कशी नाही करणार, पुढच्या आठवड्यात राहायला यायचंय आम्हाला." मग तिचं लक्ष ताईकडे गेलं, ओले कपडे, विस्कटलेले केस, भिंतीला लावलेली केरसुणी. "तुम्ही खालच्या बाई ना? साहेब म्हणाले होते. खाली एकट्याच राहतात, फार शांत आहेत, त्यांची कसली कटकट नाही म्हणून. आणि बघा, आमच्यामुळे तुम्हालाच त्रास. तुमचं छत खराब झालं असेल."

ताईने गुंड्याकडे पाहिलं.

तिने त्याला वेळ दिला. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. त्याला वाक्यही लागलं नसतं, एक शब्द पुरला असता. गुंड्या खाली वाकला आणि कोरडी झालेली फरशी पुसू लागला. खाली सख्खी बहीण राहते म्हटलं की घेणारे बिचकतात, उद्या ही हक्क सांगायला येईल म्हणून पाय मागे घेतात. असलं काहीतरी त्याला कुणी समजावलं असेल. किंवा कुणी समजावलं नसेल, त्यालाच सुचलं असेल. ताईला ते विचारावंसंही वाटलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की घराची बोलणी करायला हे लोक कितीतरी वेळा इथे येऊन गेले असतील, खालच्या तिच्या दारावरून जिना चढले असतील, आणि दर वेळी याने वर हसतमुखाने सांगितलं असेल: खाली ना? एक बाई राहतात.

"हो," ताई म्हणाली. "मीच खालची. इकडे या जरा, तुम्हाला एक दाखवते."

ती त्या मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेली, ओट्याखाली वाकायला लावलं.

"हात घाला. डावीकडे. लागला? हा वरच्या मजल्याचा कॉक. पाइप फुटला की दुसरं काही करू नका, आधी हा बंद करायचा. आणि याच्यापुढे कधी कपाट ठेवू नका. अधूनमधून उगाच फिरवत जा, म्हणजे अडकणार नाही. बाहेरचा तसा अडकलाय, तो आता आपण दोघी मिळून बदलून घेऊ. विजेचं बटण कुठे आहे ते बघून ठेवा. पाणी दिव्याजवळ आलं की तेही पाडायचं, पण ओल्या हाताने नाही."

"थांबा, थांबा," ती मुलगी हसली. "लिहूनच घ्यायला हवं. आम्हाला दोघांनाही यातलं ओ की ठो कळत नाही. आजवर भाड्याच्या घरात राहिलो, काही झालं की मालकाला फोन."

"लिहायला कशाला हवं? मी खाली आहेच. काही झालं तर जिन्यातून हाक मारायची."

"हाक काय म्हणून मारू? काकू म्हणू?"

"ताई, पायाखाली बघ," गुंड्या दारातून पटकन म्हणाला. उंबऱ्याशी पाणी साचलं होतं आणि मागे वळताना ताईचा पाय त्यात पडत होता.

शब्द तोंडातून गेला तो गेला. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. दोघांची नाकं सारखी होती, हे आता जवळून कुणालाही दिसलं असतं.

"साहेबसुद्धा तुम्हाला ताई म्हणतात?"

"इथे सगळेच म्हणतात," ताई म्हणाली आणि साचलेलं पाणी ओलांडून जिन्याकडे गेली.

खाली तिने सोडलेले नळ एकेक करून बंद केले. ओले कपडे बदलले. छताचा डाग आता वाढत नव्हता, कडेने पिवळा पडू लागला होता. वीज लावायची नव्हती, म्हणून तिने खिडक्या उघडल्या आणि असेल त्या उजेडात गादी पुन्हा अंथरली. वर प्लंबरचे ठोके सुरू झाले, थांबले. ती मुलगी जाताना जिन्यातून "येते हं!" म्हणून ओरडली. तिची गाडी सुरू होऊन गल्लीच्या टोकाला गेली. मग प्लंबर गेला. वर एकच माणूस उरला. तो खोल्याखोल्यांतून हिंडत होता. रिकाम्या घरात पावलं फार स्पष्ट ऐकू येत होती. मग कुलूप लागलं आणि तो सावकाश जिना उतरू लागला.

खालच्या पायरीशी तो थांबला. तिथून उजवीकडे फाटक आणि डावीकडे तिचं दार.

या दाराशी गुंड्या जन्मात कधी थांबला नव्हता. लोटायचं आणि आत यायचं. बूट एक इकडे, एक तिकडे. लग्न झाल्यावरही तसंच. भावजय हसायची, म्हणायची, यांना दार वाजवायचं असतं हेच ठाऊक नाही.

आज दार नुसतं ओढलेलं होतं. कडी नव्हती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ताई पलंगावर हात मांडीवर ठेवून बसली होती.

त्याने दार वाजवलं. बोटाच्या पेराने, हलकेच, दोनदा. परक्याच्या दारावर वाजवतात तसं.

"कोण?" ताईने विचारलं.

आवाज अगदी साधा होता. त्यात राग नव्हता, रडू नव्हतं. कुणी आलं तर आतून विचारतात, तसाच.

बाहेर तो उभा होता. फटीतून त्याच्या पावलांची सावली दिसत होती. ताई वाट बघत बसली.